घोडीचे कान दिसले तेव्हा

मी एक जुनं फावडं आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. फावड्याला कसलं आलंय डोकं, असं म्हणून दात काढू नका. पातं आणि दांडा यांच्या मध्ये जिथं खिळा ठोकलाय ना, तिथपर्यंत माझ्यात संताप भरलाय. मी आत्ता अलामिता गावच्या पाटाच्या तोंडाशी, कोरड्या गाळात रोवलेला उभा आहे. माझ्या दांड्याला एक किल्ली बांधलीय. येणारे-जाणारे बघतात, चुकचुकतात आणि आपापल्या ट्रकमध्ये बसून निघून जातात. मला उपटायची हिंमत कुणाची होत नाही. ती का होत नाही, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

माझा जन्म कासिमिरो लोहाराच्या भट्टीतला. तव्यांच्या नांगराचा एक तवा तडकून पडला होता, तो कापून, तापवून, ठोकून त्यानं माझं पातं केलं. दांडा डोंगरातल्या ओकचा. मेलितोननं स्वतः कापला, सावलीत वाळवला आणि काचेच्या तुकड्यानं तासला. मेलितोन म्हणजे आमचा पाटकरी. नदीचं पाणी पाटात कधी घ्यायचं, कुणाची पाळी कधी, कुणी कुणाचं पाणी चोरलं, हे सगळं बघणारा माणूस. तो डावखुरा होता. त्यामुळं माझं पातं एका बाजूनं झिजत गेलं, आणि इतकं झिजलं की उजव्या हाताच्या माणसानं मला धरलं तर दोन घावांत त्याचं मनगट भरून यायचं. मेलितोनच्या हातात मात्र मी लोण्यात फिरल्यासारखा फिरायचो.

वर्षातून एकदा पाट साफ करायचा दिवस यायचा. प्रत्येक घरातून एक माणूस आणि एक फावडं, ही आमच्याकडची रीत. हिवाळाभर पाटात साचलेला गाळ, वाळुंजाची मुळं, पाचोळा, डबे, बाटल्या, सगळं उपसायचं. मेलितोन आधी प्रत्येकाचं फावडं तपासायचा. कुणी गंजकं, ढिल्या दांड्याचं फावडं घेऊन आला की त्याची सुटका नसायची.

"हे फावडं म्हणायचं का उलथनं? जा, घरी जाऊन पोळ्या उलट!"

सगळे खो खो हसायचे आणि तो बिचारा कान पाडून दुसरं फावडं आणायला पळायचा. मग मेलितोन मला पाटाच्या काठावर आडवा ठेवून मापं घ्यायचा. इतकी फावडी लांबी तुझी, इतकी तुझी. प्रत्येकाला आपापला तुकडा. सगळ्यांचे तुकडे झाले की तो मला उंच धरून ओरडायचा, "वुएल्ता!" म्हणजे चला, फिरा पुढं. की लगेच सगळी रांग उठून पुढच्या तुकड्यांवर. त्या आरोळीचा नाद दरीत घुमायचा आणि माझं पातं झणझणायचं. खोटं कशाला सांगू, त्या काळात मला माझा फार गर्व होता.

आता नीट ऐका. सगळी गोम इथंच आहे.

आमच्या पूर्वेला मोठा डोंगर आहे, त्याला आम्ही घोडी म्हणतो. हिवाळ्यात तो सगळा पांढरा असतो. ऊन तापायला लागलं की आधी शिखराजवळचे दोन काळे खडक बर्फातून वर डोकावतात. ते घोडीचे कान. मग बाजूचा बर्फ वितळत जातो तशी उरलेल्या पांढऱ्या बर्फाची मान दिसते, पाठ दिसते, पाय दिसतात. मान तुटली की मका पेरायचा. पाय गेले की पाणी जपून वापरायचं. पोट मात्र खोल घळीत असतं, ते जुलै संपेस्तोवर टिकायचं आणि तोवर नदीला पाणी असायचं. बर्फ म्हणजे डोंगरानं आमच्यासाठी बाजूला ठेवलेलं पाणी, मित्रांनो. पाऊस येतो आणि वाहून जातो. बर्फ थांबतो आणि लागेल तसं देतो.

मेलितोन रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन, मला काखेत धरून, घोडीकडं बघत उभा राहायचा. कान दिसले की त्याच शनिवारी पाट साफ करायचा हुकूम सुटायचा. आणि एक कडक नियम. सगळा पाट साफ झाल्याशिवाय नदीचं पाणी पाटात सोडणारं तोंडावरचं लोखंडी दार कुणीही उघडायचं नाही. कारण एकानं आधी घेतलं की दुसरा घेतो, मग तिसरा, आणि पाटाच्या शेपटाला राहणाऱ्याच्या वाट्याला नुसता चिखल येतो. चांगला नियम होता. माझ्या मालकाचा होता.

त्या दिवसांत कान दिसायचे ते बहुतेक सान होसेच्या, म्हणजे आमच्या सुतार संताच्या सणाच्या आसपास, मार्चाच्या उत्तरार्धात. त्यामुळं लोक काय म्हणायला लागले? सान होसेचा शनिवार म्हणजे पाटाचा दिवस. बिस्किटं भाजायची, बीन्स शिजवायचे, लाल मिरचीचं मटण करायचं. पोरं त्या दिवशी शहरातून सुट्टी काढून यायची. सण राहिला डोक्यात आणि घोडी गेली विसरून! मेलितोन होता तोवर चाललं. तो गेला, आणि गावानं मोठ्या मानानं मला पाटाच्या सभेच्या खोलीत भिंतीवर टांगलं. दांड्याला कागदी फुलांची माळ घातली. वर्षातून एकदा पाद्री येऊन माझ्यावर पाणी शिंपडायचा.

हा मान होय? काम करणाऱ्याला भिंतीवर टांगायचं आणि त्याला मान म्हणायचं? मला गंज चढायला लागला तेव्हा कुणीतरी माझ्यावर चकाकणारं पॉलिश फासलं. पॉलिश! माझं पातं त्या दिवशी लाजेनं मेलं.

त्या भिंतीवरून खिडकीतून घोडी दिसायची, तेवढं एक सुख होतं. पण तेही दुखणंच झालं. घोडी वाळत चालली होती. हिवाळ्यात वर बर्फ पडायच्या ऐवजी पाऊस पडायला लागला. पडलेला बर्फ पातळ, आणि त्यावर खालच्या माळावरची उघडी पडलेली माती उडून बसायची. काळवंडलेला बर्फ ऊन जास्त पितो आणि लवकर जातो. एका साली तिला पुढचे पायच आले नाहीत. दुसऱ्या साली जूनमध्ये पोट गेलं. आणि खाली गावात प्रत्येक दारापुढं दोन-दोन ट्रक घुरघुरत उभे. शेजारी मिरच्या घेऊन जायचं तरी ट्रक चालू करायचा. दूरच्या शहरांत तर विचारूच नका. हवा तापवायची तुम्ही सगळ्यांनी मिळून, आणि वर म्हणायचं, यंदा हिवाळा कसा छान, थंडीच नाही! छान काय, डोंबल. तुमच्या नळाच्या मागं असाच एखादा डोंगर उभा असतो, कधी बघितलंय त्याच्याकडं?

मेलितोनची मुलगी देल्फीना. तीही डावखुरी. तिचं घर पाटाच्या अगदी शेपटाला, शेवटच्या कॉटनवुडच्या झाडाखाली. अंगणात आजोबांनी खणलेली विहीर. त्या विहिरीला स्वतःचा झरा नाही. पाट वाहतो, त्याचं पाणी जमिनीत मुरतं, आणि ते पाझरून विहिरीत येतं. पाटाला पाणी नाही तर विहिरीला पाणी नाही, इतका साधा हिशेब. गेल्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. पंप लावला की तो नुसता खोकायचा. बाई ट्रकवर टाकी ठेवून गावाबाहेरच्या नळावरून पाणी वाहायची. अल्बुकर्कीला तिची लेक होती, ती रोज फोनवर म्हणायची, आई, इकडं ये. देल्फीनाचं एकच उत्तर. "विहिरीत पाणी आहे तोवर मी इथून हलायची नाही." यंदाच्या वसंतात पाट चांगला भरून वाहिला तर विहीर तगणार होती. नाही तर घर बंद.

आणि यंदा फेब्रुवारीतच घोडीचे कान दिसले.

मी भिंतीवरून बघितलं आणि हादरलो. ऊबदार वारा सुटला होता, वर पाऊस पडत होता, आणि बर्फ घाईघाईनं खाली येत होता. नदीचा आवाज खोलीत ऐकू यायला लागला. त्याच आठवड्यात पाटाची सभा भरली, माझ्याच खाली. आता पाटकरी होता फिलिबेर्तो, देल्फीनाचा चुलतभाऊ. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर बरं झालं असतं, शिव्या तरी घालता आल्या असत्या.

देल्फीना उभी राहिली. "कान दिसलेत. नदी फुगलीय. या शनिवारी पाट साफ करू या."

"ताई, अजून सान होसे लांब आहे," फिलिबेर्तो म्हणाला.

"सान होसे काय नदी सोडायला येतो का?"

लोक हसले. कोपऱ्यात म्हातारा त्रांकिलिनो बसला होता, त्याची जीभ कधी आत राहत नाही. तो म्हणाला, "येत असेल बाबा, सुतार माणूस, आपलं दार दुरुस्त करायला."

"हसा, हसा," देल्फीना म्हणाली. "ही नदी आत्ता जातेय ती परत यायची नाही. घोडी बघा कशी झालीय. मागं काही उरणार नाही."

"अगं पण लोकांनी सुट्ट्या त्या शनिवारच्या काढल्यात," कुणीतरी म्हणालं. "माझा पोरगा डेन्व्हरहून येणार आहे. बायकोनं बिस्किटांचं पीठ त्याच हिशेबानं आणलंय."

"पीठ!" देल्फीनाचा आवाज चढला. "माझी विहीर कोरडी पडली तर तुझ्या बायकोची बिस्किटं बुडवायला कॉफीला पाणी मी कुठून आणू?"

फिलिबेर्तोनं दोन्ही हात वर केले. "ताई, नियम तुझ्याच बापानं घालून दिलाय. सगळे आल्याशिवाय पाट साफ नाही, आणि पाट साफ झाल्याशिवाय दार नाही. तुझ्यासारख्या शेपटावरच्यांसाठीच घातला तो त्यांनी."

"माझा बाप डोंगराकडं बघून दिवस ठरवायचा. तू कॅलेंडरकडं बघतोस, तेही पेट्रोलपंपानं फुकट दिलेल्या!"

मग हात वर झाले आणि ठरलं. सान होसेचा शनिवार. मी भिंतीवर तडफडत होतो. अरे, मी होतो तिथं! मेलितोनच्या काखेत मी होतो! त्यानं कधी एकदा तरी तारीख विचारली होती का? पण फावड्याला कोण विचारतो?

देल्फीनानं खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि मला भिंतीवरून काढलं. कागदी फुलं खाली पडली.

"ए ताई, ते गावाचं आहे," फिलिबेर्तो म्हणाला.

"हे माझ्या बापाचं आहे, आणि याला काम आहे."

मित्रांनो, त्या बाईचा डावा हात माझ्या दांड्यावर पडला आणि मला मेलितोनची आठवण येऊन भरून आलं. घरी नेल्यावर तिनं सगळ्यात आधी विटेच्या तुकड्यानं माझ्या पात्यावरचं ते पॉलिश खरवडून काढलं.

दुसऱ्या सकाळी तिनं आपल्या घरापासून वर साफ करायला सुरुवात केली. एकटी. सत्तरीची बाई. वाळुंजाची मुळं माझ्या पात्याला बोटांसारखी गुंडाळत होती. पाचोळ्याखाली ट्रकचा टायर निघाला, कुणाच्या तरी लग्नाच्या बाटल्या निघाल्या. लोक खिडकीतून बघत होते. ट्रकमधून जाताना हात करत होते. हात करायला हात होते, फावडं धरायला नव्हते! दर तुकड्याला ती मला काठावर आडवं ठेवायची, माप घ्यायची, तेवढं उपसायची, आणि मग पाठ सरळ करून मोठ्यानं ओरडायची, "वुएल्ता!" आणि स्वतःच पुढं सरकायची. पाठीमागं रांग नव्हती. ती आरोळी दरीत घुमली तेव्हा मला रडावंसं वाटलं. रडण्यापेक्षा मी दगडावर जरा जास्तच जोरात आपटलो.

म्हातारा त्रांकिलिनो काठावर येऊन बसला. त्याचे गुडघे गेलेत, तो उतरू शकत नव्हता.

"पोरी, तुझा बाप असता तर तुझं फावडं तपासलं असतं."

"नापास झालं असतं का, काका?"

"फावडं पास. गाव नापास," असं म्हणून त्यानं थर्मासमधली कॉफी तिला दिली. रोज येत राहिला.

अख्खा पाट एकट्या बाईच्यानं पुरा होत नाही. तिनं मधून एक चर मोकळी केली, पाणी जाईल एवढी. त्यात दिवसांवर दिवस गेले, आणि नदी सारखी ओरडत होती, चला, चला, चला. शेवटी एका दुपारी ती पाटाच्या तोंडाशी पोचली. तिनं मला बाजूला ठेवलं, दाराचं चाक दोन्ही हातांनी फिरवलं, आणि दार वर आलं. पाणी आत शिरलं! पहिलं पाणी कधी बघितलंय का तुम्ही? तपकिरी, फेसाळ, पाचोळा आणि काटक्या पुढं ढकलत येतं, थांबतं, खड्डा भरतं, आणि पुन्हा निघतं. देल्फीना काठानं त्याच्याबरोबर चालत होती. मला खांद्यावर टाकून चक्क गाणं म्हणत होती. जिथं पाणी अडे तिथं मी एक घाव घालायचो आणि ते सुटायचं. चर्च मागं पडलं. त्रांकिलिनोचं शेत मागं पडलं. तिच्या अंगणातलं कॉटनवुडचं झाड दिसायला लागलं.

आणि पाणी थांबलं. नुसतं जागच्या जागी उभं राहिलं, मग जमिनीत जिरायला लागलं.

देल्फीना वळून धावत सुटली. पाटाच्या तोंडाशी फिलिबेर्तोचा ट्रक उभा होता. दार खाली होतं. चाकाला साखळी आणि साखळीला कुलूप.

"हे काय केलंस रे?"

"ताई, मला नाइलाज आहे. वरच्या शेतांतल्या दोघांनी आत्ताच येऊन विचारलं, देल्फीना घेते तर आम्ही का नाही? उद्या दहा जण घेतील. मग तुलाच चिखल मिळेल."

"मग त्यांनाही म्हणावं, फावडी घेऊन या! सगळ्यांना बोलाव. आत्ता!"

"सान होसेला सगळे येणारच आहेत."

"फिलिबेर्तो, नदीकडं बघ. नदीकडं बघ रे, बाबा."

तो नदीकडं बघेना. बुटांकडं बघत राहिला. देल्फीनानं मला उचललं. मला वाटलं, आता साखळीवर घालते. घाल, मी मनात म्हणत होतो, घाल, माझं पातं फुटलं तरी चालेल! पण तिच्या बापाचा नियम होता तो. तिचा हात खाली आला. नदी पुलाखालून भरून जात राहिली, आमच्या पाटाच्या तोंडावरून, आमच्या नाकावर टिच्चून.

सान होसेचा शनिवार आला. अहाहा, काय ती गर्दी! ट्रकच ट्रक. फावड्यांचे दांडे उन्हात चमकत होते. डेन्व्हरचा पोरगा आला होता, फोटो काढत होता. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, बिस्किटं वाटली. सगळ्यांनी मन लावून काम केलं, तेवढं कबूल करतो. पाट असा साफ झाला की मेलितोनही खूश झाला असता. दुपारी फिलिबेर्तोनं कुलूप काढलं आणि दार पूर्ण वर घेतलं.

घोट्याएवढं पाणी आलं. तेही दमत दमत.

एकेक करून सगळ्यांच्या माना डोंगराकडं वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! घोडीला मान नव्हती, पाय नव्हते. नुसता पोटाचा एक मळका तुकडा राहिला होता. आणि आम्ही अजून मार्चातच होतो.

"असं कधी झालं नव्हतं," फिलिबेर्तो हळूच म्हणाला.

"झालं ना पण," देल्फीना म्हणाली. ती ओरडली नाही. तेच मला जास्त लागलं.

जे पाणी आलं ते वरच्या शेतांतच संपलं. शेपटापर्यंत एकदाही पोचलं नाही. जूनच्या सुरुवातीला विहिरीचा पंप खोकायला लागला, आणि एका सकाळी खोकायचाही थांबला. देल्फीनानं महिनाभर टाकी वाहिली. मग तिची कंबर धरली. लेक ट्रक घेऊन आली आणि सामान भरलं. देल्फीनानं दाराला कुलूप घातलं आणि मला मांडीवर आडवं घेऊन पुढं बसली.

पाटाच्या तोंडाशी तिनं ट्रक थांबवायला लावला. फिलिबेर्तो तिथंच होता, हल्ली तो तिथंच असतो. तिनं मला पाटात, अगदी दारापुढं, पायाचा जोर देऊन खोल रोवलं. खिशातून घराची किल्ली काढली आणि केसांच्या रिबिनीनं माझ्या दांड्याला बांधली.

"ताई, हे काय?"

"पुढच्या वर्षी कान दिसले की हे उपट आणि सगळ्यांना बोलाव. विहिरीला पाणी आलं तर किल्ली मला पाठव. नाही आलं तर राहू दे."

"ताई, मला माफ कर ना."

"माफीनं विहीर भरते का, फिलिबेर्तो?" असं म्हणून ती ट्रकमध्ये बसली. तिनं वळून बघितलं नाही, पण आरशात बघत होती. मला दिसलं.

तेव्हापासून मी इथं आहे. पानं पिवळी पडून गेली. वर पहिला बर्फ पडलाय, पातळ, खडक झाकण्यापुरता. फिलिबेर्तो रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन येतो आणि घोडीकडं बघत उभा राहतो. त्याच्या घरातलं कॅलेंडर त्यानं काढून टाकलं म्हणे. मग काय, ओवाळू त्याला? कधीकधी तो माझ्या दांड्यावर हात ठेवतो, उजवा हात, आणि किल्लीला बोट लावून निघून जातो.

मला फुलं नकोत. पॉलिश नको. माझे गुण गाऊ नका, माझ्यावर निबंध लिहू नका, आणि बर्फ कमी झाला हो, म्हणून माझ्यापुढं सुस्कारे टाकू नका. सुस्काऱ्यांनी हवा आणखी तापेल! डोंगरावर जे थोडं उरलंय ते सणाची वाट बघत थांबणार नाही. तुमच्याकडचा डोंगर असो, तळं असो, टाकी असो, ती काय म्हणते ते बघून दिवस ठरवा.

अरे, मी रुसून इथं उभा नाही. मी वाट बघतोय. वारा सुटला की किल्ली माझ्या दांड्यावर वाजते. कान दिसले, की ज्याचा हात पहिला पोचेल त्यानं मला उपटा, मग तो डावा असो की उजवा. मनगट दुखेल. दुखू दे.